चढणीवर मागचं वजन

माझं सध्याचं काम लोकांना उभं राहायला शिकवण्याचं आहे. जमिनीवर नव्हे, चालत्या मोटारसायकलवर. लग्नकार्यात कुणी विचारलं की रिटायर झाल्यावर काय करता, तर मी हे असंच सांगतो, आणि विचारणारा हळूच माझ्या बायकोकडे बघतो. बायको मान हलवते, म्हणजे ‘खरं आहे’ असंही आणि ‘काय सांगू’ असंही.

अकोल्यात एका मोटारसायकलच्या शोरूममध्ये, मागच्या वर्कशॉपात मी आयुष्य काढलं. लागलो तेव्हा पंक्चर काढत होतो, सुटलो तेव्हा फोरमन होतो. निवृत्तीनंतर मुलीजवळ अमरावतीला राहायला आलो. तिथे शैलेश भेटला. त्याचे वडील माझे जुने गिऱ्हाईक. या पोराने बॅटरीवर चालणाऱ्या, रस्ता नसेल तिथे जाणाऱ्या मोटारसायकलींचं दुकान टाकलं होतं. गाड्या विकल्या जात होत्या, पण घेणारा पहिल्या दिवशी पडायचा आणि दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दुकानात भांडायला यायचा. शैलेश म्हणाला, काका, कुणीतरी यांना चालवायला शिकवलं पाहिजे. बडनेऱ्याच्या पुढे, नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याला मुरमाची एक बंद खदान त्याने भाड्याने घेतली. मधे सपाट जागा, एका अंगाला चढ, आणि एका कोपऱ्यात पावसाळ्यात काळ्या मातीचा राडा. आमच्या कामाला याहून चांगली शाळा नाही.

ही गाडी कशी असते ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. तिला क्लच नाही, गिअर नाही, आवाज नाही. उजवी मूठ पिळली की मोटार मागच्या चाकाला लगेच, जेवढी आहे तेवढी ताकद देऊन मोकळी होते. पेट्रोलची गाडी आधी गुरगुरते, थरथरते, मग पळते. ही विचारत नाही. हिची बॅटरी पोटात, दोन चाकांच्या मधोमध असते आणि चांगली जड असते. ते वजन खाली असल्यामुळे गाडी सरळ उभी असेपर्यंत हलकी वाटते. एका बाजूला कलली, की तेच वजन एकदम अंगावर येतं. मूठ सोडली, तर मोटारच मागच्या चाकाला धरून ठेवते, ब्रेक न दाबता. उतारावर सुट्या गिट्टीवर हे असं एकदम झालं, की मागचं चाक घसरतं.

आणि यात सगळ्यात जड, सगळ्यात हलणारं सामान म्हणजे चालवणारा स्वतः. खडबडीत जागी बसून चालत नाही. फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघे थोडे वाकलेले, कोपरं बाहेर. चढ आला की छाती पुढे, हँडलवर. उतार आला की कंबर मागे. एवढंच. पाच मिनिटांत सांगून होतं. अंगात उतरायला महिना लागतो, कारण आपलं अंग नेमकं उलटं वागतं. माणूस घाबरला की मागे जातो. मागे गेला की हात ताणले जातात, हात ताणले की उजवं मनगट खाली वळतं, म्हणजे रेस वाढते. गाडी अजून जोरात जाते, माणूस अजून मागे जातो. भीती स्वतःच रेस देते. म्हणून मी प्रत्येकाच्या मनगटाला एक दोरी बांधतो, तिचं दुसरं टोक गाडीच्या स्विचला. माणूस गाडीपासून सुटला की दोरी ओढली जाते आणि मोटार बंद पडते.

ही दोरी बांधायला मी शिकलो वरूडच्या दादारावांमुळे. त्यांची संत्र्याची मोठी बाग. बागेत फिरायला आवाज न करणारी गाडी हवी म्हणून त्यांनी एक घेतली आणि मागे संत्र्याचे दोन क्रेट बांधूनच खदानीत हजर झाले. दुकानात मला सगळे सर म्हणत. दादाराव मिस्त्रीच म्हणाले. मी सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. म्हणाले, “मिस्त्री, मी चाळीस वर्सं झाले गाडी चालवून राहिलो. तुमी मले ब्रेक कोनता ते सांगा, बाकी राहू द्या.”

मी ब्रेक सांगितला. ते सीटवर अगदी मागे बसले, चढाकडे गेले आणि त्यांनी मूठ पिळली. पुढचं चाक उचललं गेलं, गाडी मागच्या चाकावर उभी झाली आणि दादारावांना खाली बसवून एकटीच पुढे जाऊन बाभळीला टेकली. चाक फिरतच होतं. मी धावलो. त्यांना काही झालं नव्हतं. मुरमात मांडी घालून बसले होते, चहूकडे संत्री. गाडीकडे बघत म्हणाले, “इचा आवाजच नाई आला ना. आवाज आला असता तर मी सावध झालो असतो.”

मी सगळ्यांना हा किस्सा हसत सांगत असे. त्यात मागे बांधलेले क्रेट होते, हे मात्र माझ्या लक्षात राहायला हवं होतं तसं राहिलं नाही.

अकोटच्या वर डोंगरातल्या गावांमध्ये आरोग्याचं काम करणारी एक संस्था आहे. तिच्या प्रमुख एक डॉक्टर मॅडम, मूळच्या पुण्याकडच्या, पण इकडे वीसेक वर्षं काढलेल्या. काही गावांना जीप जात नाही. परिचारिका लसींचा डबा घेऊन पायी जात. मॅडमनी देणगीतून अशा चार मोटारसायकली घेतल्या आणि चार परिचारिकांना पंधरा दिवसांसाठी माझ्याकडे पाठवलं.

त्यातली कविता सगळ्यात लहानखुरी. पस्तिशीची, अकोटची, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तिने आजवर फक्त स्कूटी चालवलेली. गाडीवर बसली की तिचे पाय जमिनीला टेकत नसत, फक्त बोटं लागत, आणि गाडी तिच्या दुपटीहून जड. पहिल्या दिवशी ती नुसती ढकलायला घेतली आणि पडली. ढकलताना मूठ चुकून पिळली गेली होती. मला वाटलं ही उद्या येणार नाही.

ती आली. तिची एक सवय होती, प्रत्येक गोष्टीला ‘काहून?’ विचारायची. चढावर पुढे काहून व्हायचं? उभं काहून राहायचं, बसली तर गाडी खाली राहते ना? मी सांगितलं, बसलात तर तुमचं वजन सीटवर, म्हणजे उंचावर. उभ्या राहिलात तर तेच वजन पायांतून फूटरेस्टवर, म्हणजे खाली. आणि गाडी तुमच्या गुडघ्यांखाली नाचली तरी तुम्ही नाचत नाही. तिने ऐकून घेतलं, मग दोन्ही प्रकारे चालवून बघितलं आणि मान हलवली. कमी वजनाच्या माणसाला दहा-बारा किलोचा फरक फार पडतो, हेही मीच तिला त्या वेळी सांगितलं होतं. पंधराव्या दिवशी ती खदानीचा चढ उभ्याने चढून वर थांबली, खाली बघितलं आणि पहिल्यांदा हसली.

त्या पंधरा दिवसांत गाड्या रिकाम्या होत्या.

लसींचा डबा कुठे बसवायचा हे ठरायचं होतं. बर्फाच्या पिशव्यांसकट तो डबा बाराएक किलोचा. मॅडमना तो मोठाच हवा होता, कारण एका फेरीत दोन गावं व्हायला हवी होती. कॅरिअर मी बनवलं. सीटच्या मागे, मडगार्डच्या वर, लोखंडी पट्ट्यांचं, चार बोल्टचं. दिसायला देखणं झालं. पण डब्याचं वजन मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे गेलं होतं. भरलेली बादली अंगाजवळ धरून बघा आणि हात लांब करून धरून बघा. तसं होतं ते. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. चढावर गाडी मागे कलते, डबा अजून मागे जातो आणि पुढचं चाक वर ओढतो.

हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. बोल्ट कसताना मनात आलं होतं की डबा भरून यांना दोन दिवस चालवायला लावावं. पण गाड्या देण्याचा कार्यक्रम ठरला होता, पाहुणे येणार होते, मांडव घातला होता. शैलेश म्हणाला, काका, चौघी मस्त चालवतात, आता काय राहिलं? मी ‘प्रशिक्षण पूर्ण’ लिहिलेल्या चार कागदांवर सह्या केल्या. घरी येऊन जेवलो नाही. बायकोला सांगितलं की ॲसिडिटी आहे.

पहिला महिना उन्हाचा गेला, काही झालं नाही. मग पाऊस लागला. रोज सकाळी मी वर्तमानपत्रात आधी अकोट तालुक्याचा पाऊस बघायचो. मुलगी म्हणाली, बाबा, तिकडे आपलं शेत आहे का?

एका बुधवारी अकराच्या सुमारास मॅडमचा फोन आला. त्या शांतपणे बोलत होत्या, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. कविता सातला निघाली होती. साडेआठला गावात पोचायला हवी होती. गावातली आशाताई एका उंच जागेवर येऊन फोन करते, तिने सांगितलं की सिस्टर आल्याच नाहीत. कविताचा फोन लागत नव्हता, पण तिथे कुणाचाच लागत नाही. जीप पाठवते आहे, म्हणाल्या. मग विचारलं, “तुम्ही येता का?”

मी शैलेशची चारचाकी घेतली आणि निघालो. दर्यापूरच्या रस्त्याने अकोटपर्यंत दोनेक तास लागले. दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी, वरून भुरभुर पाऊस आणि डोक्यात एकच हिशोब: तिचं वजन किती, डब्याचं किती, आसापासून डबा किती मागे, चढ किती. पेट्रोलच्या गाड्यांवर आयुष्यभर काम केलं, ब्रेक बसवले, चाकं बसवली. कधी कुणाच्या जिवाचं मनात आणलं नाही, कारण गाडी दारातून बाहेर पडली की माझा संबंध संपत असे. या बाईच्या हाताचं, पायाचं, छातीचं कुठे काय असावं हे मी ठरवलं होतं. आणि तिच्या पाठीमागे बारा किलो मीच लटकवले होते.

अकोटला संस्थेच्या जीपचा चालक रहमानभाई वाट बघत होता; एकदा नाल्यापर्यंत जाऊन, पाणी फार म्हणून परत आला होता. जीप नाल्यापर्यंत गेली. पाणी गुडघ्याच्या वर होतं, गढूळ. आम्ही एकमेकांचा हात धरून पायी ओलांडलं. पलीकडे लाल मुरमाची चढण सुरू होत होती, एका बाजूला डोंगर, एका बाजूला झाडीचा उतार. तिथे चाकांच्या खुणा होत्या.

खुणा वाचणं हे माझ्या धंद्यातलं काम. एकामागून एक दोन चाकं गेली की मातीत एका ओळीत दोन ठसे पडतात, पण जरा वळण आलं की ते वेगळे दिसतात. पहिल्या वळणाला दोन्ही ठसे होते. मागचा खोल, पुढचा उथळ. वीस पावलांवर पुढचा ठसा नुसता खरवडल्यासारखा झाला. मग पुढचा ठसा नव्हताच. दोन-तीन हात फक्त मागचं चाक. मग परत पुढचं, वाकडं. मग परत नाही. म्हणजे चाक उचललं जात होतं आणि ती रेस कमी करून ते खाली आणत होती, परत चढत होती. तिसऱ्यांदा ठसा गेला तिथे माती उकरलेली होती, गाडी पडल्याची लांब खूण होती, उताराच्या कडेपासून हातभर अलीकडे. फुटलेल्या आरशाचे तुकडे होते. मी कडेला जाऊन खाली बघायचं धाडस करू शकलो नाही. रहमानभाईने बघितलं. म्हणाला, खाली कुछ नहीं है, सर.

गाडी नव्हती, बाई नव्हती, डबा नव्हता. मातीत मात्र टाचांच्या खोल खुणा होत्या, म्हणजे कुणीतरी पाठ लावून गाडी उभी केली होती. शेजारी एक चौकोनी ठसा होता, डब्याच्या बुडाचा. तिने डबा काढून खाली ठेवला होता. आणि तिथून पुढे चाकांच्या खुणा परत सुरू झाल्या होत्या. या वेळी पुढचा ठसा मागच्याइतकाच खोल होता. एकदाही सुटलेला नव्हता. मी त्याच्यावर वाकून उभा राहिलो. हे कसं झालं, मला कळेना.

गाव तिथून तासाभराच्या चालीवर. शाळेच्या पडवीत पाच-सहा बाया मुलांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि कविता उजव्या हाताने एका पोराला सुई टोचत होती. डावा हात पोटाशी धरलेला, मनगट सुजून निळं पडलेलं. आशाताई तिला सिरिंज काढून देत होती. गाडी शाळेच्या भिंतीला टेकवलेली. सीटच्या पुढच्या भागावर, जिथे चालवणाऱ्याचे गुडघे येतात तिथे, डबा ओढणीने बांधलेला होता. मी आधी गाठ बघितली. हँडलला बांधली नव्हती, खाली फ्रेमला बांधली होती, म्हणजे हँडल मोकळं वळत होतं.

तिने मला बघितलं. आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही, दमलेली होती. पोराच्या दंडावर कापूस दाबत म्हणाली, “डबा मागून वढून राहिला होता, सर. म्हनून म्या त्याले पुढं घेतला. दोन्ही गुडघ्यांत धरून उभी राहिली.” मग पुढचं पोर घ्यायला तिने मान वळवली.

पडल्यावर तिथेच अर्धा तास बसली होती आणि एका हाताने गाडी उभी करून डबा बांधेपर्यंत दोन तास गेले होते, हे तिने रहमानभाईला नंतर सांगितलं. हात मोडला असावा हे तिला कळलं होतं. परत फिरलं तर बर्फ वितळून लस वाया जाणार, पुढे गेलं तर अजून पडणार. मग तिने डब्याचा विचार केला.

मनगटाच्या हाडाला चीर गेली होती. अकोटला प्लास्टर घातलं.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. चार दिवसांनी संस्थेच्या कार्यालयात बैठक झाली. देणगी देणाऱ्यांना अपघाताचा अहवाल पाठवायचा होता. मॅडम, हिशेबनीस, शैलेश, मी आणि कोपऱ्यात गळ्यात हात अडकवलेली कविता. मॅडमनी मला सरळ विचारलं, “सर, प्रशिक्षणात काही कमी राहिलं होतं का?”

शैलेश शेजारी बसला होता. संस्था अजून गाड्या घेणार होती. माझी सही केलेला कागद टेबलावर होता. मी म्हणालो, “प्रशिक्षण ठरल्याप्रमाणे पूर्ण झालं होतं.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. कविताने माझ्याकडे बघितलं आणि मग टेबलाकडे बघत राहिली. तिला ‘काहून’ विचारायची सवय होती. त्या दिवशी तिने विचारलं नाही. अहवालात लिहिलं गेलं की चालकाने सूचना नीट पाळल्या नाहीत. तिला एक लेखी समज दिली, ती तिच्या फाइलला लागली. नोकरी कंत्राटी. दर वर्षी फाइल बघूनच पुढचा हुकूम निघतो. हे मला माहीत होतं.

त्यानंतर खदानीत मी शिकवायचो ते मलाच ऐकू येत नव्हतं. नवीन गिऱ्हाईक चढाकडे गेलं की मी त्याच्यामागे धावायला लागायचो. एकदा एका कॉलेजच्या पोराला मी चढाच्या तोंडावरच ओरडून थांबवलं, तो छान चालवत होता तरी. जेवताना बायको म्हणाली, तुमच्याजवळ बोलायला काही असलं तर बोला, नाहीतर पोळी तरी खा.

मी त्या चढणीवर स्वतः कधी गाडी चालवली नव्हती. रिकामी नाही आणि भरलेली तर नाहीच. हे एकदा मनात आलं आणि जाईना. दोन आठवड्यांनी मी अकोटला गेलो, तपासणी करायची आहे सांगून कविताचीच गाडी घेतली, कॅरिअरवर पहिल्याच जागी डबा बसवला आणि त्यात बारा किलोच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या. त्या दिवशी गावात लसीकरण होतं. हातात प्लास्टर असूनही कविता जाणार होती, नोंदी ठेवायला, नाल्यापर्यंत जीपने आणि पुढे पायी. ती आणि रहमानभाई आधीच निघून गेले होते.

नाल्याला पाणी घोट्याएवढं होतं. चढणीला लागलो तेव्हा माझं वजन तिच्यापेक्षा तीस किलोने जास्त होतं आणि अनुभव चाळीस वर्षांचा होता. पहिल्या वळणाला हँडल हलकं झालं. हातात काही उरलंच नाही, असं हलकं. छाती पुढे घेतली, चाक खाली आलं. वीस पावलांवर परत गेलं. समोर रस्ता दिसायचा थांबला आणि नुसतं आभाळ दिसायला लागलं. मी जे लोकांना करू नका म्हणून सांगतो ते सगळं केलं: मागे गेलो, हात ताणले, मूठ पिळली. पाय टेकवायला गेलो तर खाली जमीनच नव्हती, खळगा होता. नशिबाने डोंगराच्या बाजूला पडलो. मनगटाची दोरी ओढली गेली आणि मोटार बंद पडली. मी मुरमात उताणा, गाडी पायावर.

वरून कुणीतरी उतरत येत होतं. कविता आणि रहमानभाई पुढच्याच वळणावर सावलीत बसले होते, त्यांनी पडल्याचा आवाज ऐकला होता. रहमानभाईने गाडी उचलली. कविता माझ्याजवळ आली, नर्सच्या सवयीने गुडघ्याला, घोट्याला हात लावून बघितलं, आणि मग तिची नजर कॅरिअरवरच्या डब्याकडे गेली. झाकण उघडून तिने बाटल्या बघितल्या. मी काय करत होतो ते तिला कळलं.

ती समोरच्या दगडावर बसली. मग म्हणाली, “तुमी घाबरले होते काय, सर?”

“हो,” मी म्हणालो. “फार.”

“मले वाटून राहिलं होतं, मलेच येत नाई. इतके दिवस तेच वाटून राहिलं होतं.”

मी तिला सांगितलं की तिचं काहीही चुकलं नव्हतं. कॅरिअर मी चुकीच्या जागी बसवलं, ते चुकीचं आहे अशी शंका मला आली होती, आणि डबा भरून तिला एक दिवसही चालवू दिलं नाही. हे सगळं मी एका दमात बोललो.

तिने डब्याचं झाकण परत लावलं. “हे मले सांगून काय होते?” ती म्हणाली. “कागदावर माझं नाव हाय.”

मी तसाच, मातीच्या कपड्यांनी, अकोटला कार्यालयात गेलो. मॅडम गोळ्यांची यादी तपासत होत्या. मी कागद मागितला आणि त्यांच्यासमोर बसून सगळं लिहिलं: कॅरिअरची जागा, रिकाम्या गाड्यांवरचं शिक्षण, सही केली त्या दिवशीची शंका, आणि आज मी स्वतः कुठे आणि कसा पडलो ते. शेवटी लिहिलं की कविताने त्या जागी जे केलं ते मी तिला शिकवलेलं नव्हतं, ते तिचं तिने शोधलं. मॅडमनी दोनदा वाचलं. चष्मा काढला.

“हे तुम्ही त्या बैठकीत का नाही बोललात?”

मला बरीच उत्तरं सुचली. शेवटी म्हणालो, घाबरलो होतो.

त्यांनी तो कागद फाइलला लावला. मला उठून जा असंही म्हणाल्या नाहीत, चहाही विचारला नाही. समज मात्र फाइलमधून निघाली आणि देणगीदारांना दुसरा अहवाल गेला, त्यात माझं नाव होतं. शैलेश आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. संस्थेने नवीन गाड्यांचं लांबणीवर टाकलं. मला वाटलं, खदानीचं काम आता सुटलं.

सुटलं नाही. मॅडमनी चारही गाड्या परत पाठवल्या, सोबत एक ओळीची चिठ्ठी: दुरुस्त करून द्या. मी कॅरिअर कापून काढलं. एका मोठ्या डब्याच्या जागी दोन लहान डबे घेतले, ते मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, जितके खाली आणि जितके पुढे घेता येतील तितके घेतले. तरी काट्यावर ठेवून बघितलं तर वजन मागेच जास्त भरत होतं. मग तिसरी लहान पिशवी पुढे, कविताने बांधली होती त्या जागी. दोन गावांचं सामान बसत नाही, एकाच गावाचं बसतं. मॅडमनी ते मान्य केलं.

कविताचं मनगट पूर्ण वळत नाही. डावीकडचा ब्रेक दाबताना तिला कोपर उचलावं लागतं, म्हणून तिच्या गाडीचा तो दांडा मी तासून जवळ आणून दिला. ती मला माफ केल्यासारखं कधी बोलली नाही, आणि मी विचारलंही नाही. ती डोंगरात जाते त्या दिवशी, वर्तमानपत्र वाचून झालं तरी मी दहा वाजेपर्यंत अंगणातच फिरत असतो.

मागच्या महिन्यात संस्थेने तीन नवीन परिचारिका घेतल्या. त्यांना शिकायला कुणाकडे पाठवायचं ते मॅडम ठरवत होत्या. तिघींना माझ्याकडेच पाठवायचं ठरलं, पण सोबत कविता असेल, आणि चढावर कुणी कधी जायचं ते ती ठरवेल, अशी अट होती. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. किती वाजता पोचेल, कोणत्या गाडीने येईल, ते तिने सांगितलं. मी म्हणालो, पहिले दोन दिवस पोरींना सपाट जागेवर घेऊ, मग बघू.

“घ्या,” ती म्हणाली. “पण पानी भरून ठेवा डब्यांत. पयल्या दिवसापासून.”